पगारही आणि शिकवण्याही: ब्रिटनमध्ये नॅशनल इन्शुरन्स दोनदा भरायचा का?

प्रश्न थोडक्यात असा. लंडनजवळच्या स्लाउमध्ये राहणाऱ्या एका ताईंना हॉस्पिटलच्या ऑफिसमध्ये महिना ४,००० पौंड पगार आहे. एप्रिल २०२५ पासून त्या शनिवार-रविवार इलेव्हन-प्लसच्या (ग्रामर स्कूलच्या प्रवेश परीक्षेच्या) शिकवण्या घेतात. चार तुकड्या, चोवीस मुलं. वर्षभरात फीचे २१,५०० पौंड आले, हॉलचं भाडं, छपाई, पुस्तकं वगैरे खर्च ३,५०० झाला, म्हणजे नफा १८,०००. त्या विचारतात: "पगारातून दर महिन्याला एनआय (नॅशनल इन्शुरन्स, सरकारी पेन्शनसाठी जिची वर्षं मोजतात ती वर्गणी) कापला जातोच. मग शिकवण्यांवर परत का? दोन्हीकडे भरला तर पेन्शन जास्त मिळते का? एकजण म्हणाला क्लास २ (धंदेवाल्यांचा एनआय) रद्द झाला, आता काही भरावंच लागत नाही. शिवाय पुढेमागे नाशिकला परत जायचा विचार आहे, तेव्हा या पैशांचं काय?"

मी बावीस वर्षं पश्चिम लंडनमध्ये हिशेबांचं काम करतो, आणि जानेवारीत हा प्रश्न माझ्या टेबलावर आला नाही असं एकही वर्ष गेलेलं नाही. यात लोक पैसे जास्त भरून बसतात हे एक, पण त्याहून वाईट म्हणजे पेन्शनची वर्षं हातची घालवतात. म्हणून जरा सविस्तर लिहितो. आकडे २०२५-२६ या करवर्षाचे आहेत, म्हणजे ६ एप्रिल २०२५ ते ५ एप्रिल २०२६.

सगळ्यात आधी एक घोळ मिटवू. इन्कम टॅक्समध्ये तुमचं सगळं उत्पन्न एका टोपलीत जातं. पगार, शिकवण्या, बँकेचं व्याज असं सगळं एकत्र करून १२,५७० पौंडांची करमुक्त मर्यादा एकदाच मिळते, आणि ती तुमच्या पगारातच संपते. एनआयचं तसं नाही. तिथे पगाराची चूल वेगळी आणि धंद्याची चूल वेगळी. पगारावर क्लास १ लागतो, नफ्यावर क्लास ४, आणि १२,५७० ची सूट दोघांना स्वतंत्र मिळते. म्हणजे नोकरी सांभाळून केलेल्या जोडधंद्याचा वर्षाचा नफा १२,५७० च्या आत असेल, तर त्यावर क्लास ४ एक पेनीसुद्धा लागत नाही, पगार कितीही असो. माझ्याकडे घाबरून येणाऱ्यांपैकी बरेच जण इथेच सुटतात.

आता ताई, तुमची पेस्लिप घ्या. महिन्याला १,०४८ पौंडांपर्यंत काही नाही, तिथून ४,१८९ पर्यंत ८ टक्के, त्यावर २ टक्के. तुमच्या ४,००० वर २३६ पौंड १६ पेन्स कापलेले दिसतील. वर्षाचे होतात २,८३३ पौंड ९२ पेन्स. मालक त्याच्या खिशातून वेगळा १५ टक्के दराने भरतो, त्याचा तुमच्या हिशेबाशी संबंध नाही. लक्षात ठेवा, क्लास १ हा ज्या त्या महिन्याचा त्या त्या महिन्यात संपतो. टॅक्ससारखा तो वर्षभराची बेरीज करत पुढे जात नाही. एखाद्या महिन्यात बोनस आला आणि जास्त कापला गेला, तर पुढच्या महिन्यात तो आपोआप परत येत नाही.

शिकवण्यांचा नफा १८,०००. त्यातून १२,५७० वजा केले की उरतात ५,४३०. क्लास ४ चा मुख्य दर ६ टक्के आहे (एप्रिल २०२४ च्या आधी तो ९ होता), आणि ५०,२७० च्या वरच्या नफ्याला २ टक्के. साध्या गणिताने ५,४३० चे ६ टक्के म्हणजे ३२५ पौंड ८० पेन्स. तुमचं सॉफ्टवेअर बहुधा हाच आकडा दाखवेल. पण तुम्हाला द्यायचे आहेत फक्त १०८ पौंड ६० पेन्स.

हे कसं, ते नीट सांगतो, कारण बरेच जण इथेच फसतात. दोन्हीकडून भरणाऱ्या माणसाकडून मुख्य दराने किती घ्यायचं याला वर्षाची कमाल मर्यादा आहे. २००१ च्या सोशल सिक्युरिटी कॉन्ट्रिब्युशन्स नियमांमधल्या शंभराव्या नियमात तिचं पायरी-पायरीने गणित दिलं आहे. बारकावे सोडून सांगायचं तर असं: १२,५७० ते ५०,२७० हा अख्खा पट्टा ६ टक्क्यांनी भरला असता तर २,२६२ पौंड झाले असते. तुमच्या पगारातून मुख्य दराने त्याहून बरेच जास्त, २,८३३, आधीच गेले आहेत. मग नफ्यावर ६ टक्के लावायला जागाच उरत नाही. पूर्ण ५,४३० वर २ टक्केच. तिथला फरक २१७ पौंड २० पेन्स.

रक्कम छोटी वाटेल, पण ती दरवर्षीची आहे, आणि नफा वाढला की फरकही वाढतो. अडचण अशी की सेल्फ असेसमेंटच्या (स्वतः भरायच्या कर-रिटर्नच्या) नोकरीच्या पानावर पगार किती आणि टॅक्स किती कापला हे विचारतात, एनआय किती कापला गेला हे विचारणारा रकानाच नाही. वर्षाचा तो आकडा तुमच्या पी-६० वर (मालक वर्षाअखेरीस देतो तो दाखला) असतो. त्यामुळे फॉर्मवरच्या माहितीतून ही मर्यादा निघत नाही. पूर्वी आधीच अर्ज करून क्लास ४ पुढे ढकलता यायचा, ती सोय एप्रिल २०१५ पासून बंद झाली. आता मार्ग एकच: रिटर्न भरा, पैसे वेळेत भरा, आणि मग पी-६० सोबत ठेवून एचएमआरसीकडे (कर खात्याकडे) जादा गेलेल्या क्लास ४ चा परतावा मागा. गव्हर्नमेंटच्या साइटवर नॅशनल इन्शुरन्स परताव्याचं पान आहे, तिथे वर्गवार विचारतात. आपणहून कुणी पाठवील म्हणून वाट बघत बसू नका.

उलट बाजूही सांगतो, नाहीतर सगळेच परतावा मागायला धावतील. पगार २५,००० आणि नफा २५,००० असेल तर पगारावर ९९४ पौंड ४० पेन्स, नफ्यावर ७४५ पौंड ८० पेन्स, मिळून १,७४० पौंड २० पेन्स. हे मर्यादेच्या बरंच खाली आहे, तेव्हा परत काही मिळणार नाही. आणि मिळायलाही नको, कारण हेच ५०,००० एका नोकरीतून आले असते तर २,९९४ पौंड ४० पेन्स गेले असते. दोन चुलींचा फायदा त्यांना आधीच झालेला आहे.

नोकऱ्याच दोन असतील आणि दोन्ही मोठ्या असतील तर वेगळी सोय आहे. दोन्हींमिळून आठवड्याला १,२०९ पौंड किंवा जास्त पगार असेल, तर सीए-७२ए हा अर्ज करून एका ठिकाणी फक्त २ टक्के कापायला सांगता येतं. तुम्हाला याची गरज नाही.

आता क्लास २. "रद्द झाला" हे अर्धं खरं आहे. २०२३-२४ पर्यंत धंदा करणाऱ्यांना ठरावीक नफ्यावर गेलं की आठवड्याला ३ पौंड ४५ पेन्स भरावे लागायचे. ६ एप्रिल २०२४ पासून ही सक्ती गेली. पण क्लास २ च्या नावावर मिळणारं श्रेय राहिलं. नफा ६,८४५ पौंड किंवा जास्त असेल तर काही न भरता क्लास २ भरला असं धरलं जातं आणि ते वर्ष पेन्शनसाठी मोजलं जातं. नफा त्याच्या खाली असेल तर स्वेच्छेने आठवड्याला ३ पौंड ५० पेन्स भरून वर्ष विकत घेता येतं. क्लास ४ मात्र निव्वळ कर आहे. त्याने पेन्शनमध्ये काही पडत नाही, हजारो भरले तरी नाही. म्हणून तुमच्या "जास्त भरलं तर जास्त पेन्शन?" या प्रश्नाचं उत्तर नाही असंच आहे. एका वर्षाचं एकच वर्ष मोजतात. तुमचं ते पगारातूनच पुरं होतं.

पण सगळ्यांचं होत नाही, आणि इथे मला थोडं थांबायचं आहे.

काही वर्षांपूर्वी जानेवारीच्या एका संध्याकाळी हाउन्स्लोच्या एक काकू माझ्याकडे आल्या. हातात बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा, त्यात दिवाळीच्या फराळाच्या ऑर्डरची चिठोरी आणि भाजणी, तेल, तुपाच्या पावत्या, वर्षाप्रमाणे रबर लावून. चकली-अनारशांचा नफा तीनेक हजार पौंड. हिशेब पाच मिनिटांत झाला, कर काही निघाला नाही, त्या उठायला लागल्या. मी सहज म्हटलं, काकू, फोनवर एचएमआरसीचं अॅप उघडा, एनआयची नोंद बघू. चार वर्षांपुढे लिहिलेलं होतं: वर्ष पूर्ण नाही.

त्या घरी बसलेल्या नव्हत्या. शाळेत दुपारच्या जेवणाच्या वेळी मुलांवर देखरेख करायच्या, त्याचे आठवड्याला नव्वदेक पौंड. शनिवारी एका दुकानात, तिथले पंच्याण्णव. आणि घरी फराळ. तीन कामं करणारी बाई, आणि सरकारदरबारी चार वर्षं रिकामी.

कारण तेच, वेगवेगळ्या चुली. नोकरीतला पगार पेन्शनसाठी मोजला जायला एका मालकाकडे आठवड्याला किमान १२५ पौंड लागतात (त्या वर्षांत याहून थोडे कमी होते). १२५ ते २४२ च्या मधे असलात तर खिशातून काही न जाता वर्ष मोजलं जातं, हा मोठाच फायदा. पण ९० आणि ९५ ची बेरीज १८५ असली तरी दोन मालक वेगळे, दोघांकडेही रेघेच्या खाली, म्हणून शून्य. फराळाचा नफाही क्लास २ च्या रेघेखाली. पेन्शन मिळू शकली असती त्या तीन वाटा, तिन्ही थोडक्यासाठी बंद. आणि रिटर्नमध्ये स्वेच्छेने क्लास २ भरण्यासाठी एक चौकट असते, त्यात फुली मारायची. त्यांनी कधी मारली नव्हती, कारण "भरायचं काही नाही" असं वाचून त्यांना बरं वाटलं होतं.

त्या चौकटीची किंमत बघा. स्वेच्छेचा क्लास २ वर्षाला १८२ पौंड. धंदा नसलेल्या माणसाला तेच वर्ष क्लास ३ मधून घ्यावं लागतं, १७ पौंड ७५ पेन्स आठवड्याला, वर्षाचे ९२३. दोन्हींतून पेन्शनचं एकच वर्ष मिळतं. नवीन स्टेट पेन्शन आठवड्याला २३० पौंड २५ पेन्स, पूर्ण मिळायला ३५ वर्षं लागतात. म्हणजे एका वर्षाने आठवड्याला साडेसहा पौंडांच्या थोडं वर, वर्षाला सुमारे ३४२ पौंड, आयुष्यभर. १८२ पौंड पेन्शन सुरू झाल्यावर साडेसहा महिन्यांत वसूल होतात. इतका चांगला सौदा मला दुसरा माहीत नाही, आणि लोक तो हातचा जाऊ देतात तेव्हा मला मनापासून वाईट वाटतं. काकूंची चारही वर्षं सहा वर्षांच्या मुदतीत होती. पत्रव्यवहाराला वेळ लागला, पण भरून निघाली.

दोन गोष्टी याला जोडून. स्वेच्छेचा क्लास २ रिटर्नमधून भरायचा असेल तर ३१ जानेवारीच्या आत भरा. उशीर झाला की तो कराच्या हिशेबातून बाहेर पडतो आणि मग फोनवर फोन. आणि घरात बारा वर्षांखालचं मूल असेल तर पैसे भरायच्या आधी बघा की चाइल्ड बेनिफिट (मुलांसाठीचा सरकारी भत्ता) कुणाच्या नावावर आहे. ज्याच्या नावावर आहे त्याला एनआयचं वर्ष फुकट मिळतं. नवऱ्याचा पगार मोठा आहे, पैसे परतच करावे लागतील, म्हणून फॉर्मच न भरणारी कुटुंबं मी कितीतरी पाहिली. पैसे नको म्हणून सांगता येतं, पण फॉर्म भरा, आणि जी कमावत नाही किंवा थोडं कमावते तिच्या नावाने भरा.

ताई, तुमच्याकडे परत येतो. तुमची खरी काळजी एनआय नाही, जानेवारीचं बिल आहे. पगार आणि नफा मिळून ६६,०००. नफ्यातले पहिले २,२७० पौंड २० टक्क्यांत जातात, उरलेले १५,७३० चाळीस टक्क्यांत. म्हणजे नफ्यावर इन्कम टॅक्स ६,७४६ पौंड. त्यात क्लास ४ चे १०८ पौंड ६० पेन्स मिळवले की ६,८५४ पौंड ६० पेन्स. हे ३१ जानेवारी २०२७ ला भरायचे. पण पहिल्या वर्षी तिथे संपत नाही. बिल १,००० च्या वर आहे आणि तुमच्या एकूण करातला ८० टक्क्यांहून कमी भाग पगारातून कापला गेला आहे, म्हणून पुढच्या वर्षाची निम्मी रक्कम आगाऊ त्याच दिवशी मागतात. म्हणजे एका दिवशी १०,२८१ पौंड ९० पेन्स, आणि ३१ जुलैला आणखी ३,४२७ पौंड ३० पेन्स. रिटर्नमध्ये क्लास ४ सहा टक्क्यांनी लागला असेल तर हे आकडे थोडे वर सरकतील. फी हातात आली की चाळीस-पंचेचाळीस टक्के वेगळ्या खात्यात टाका, त्या खात्याचं कार्ड पर्समध्ये ठेवू नका.

अजून नोंदणी केली नसेल तर ५ ऑक्टोबर २०२६ ही शेवटची तारीख. धंद्याची एकूण आवक, नफा नव्हे, वर्षाला १,००० पौंडांच्या वर गेली की नोंदणी लागतेच.

६६,००० म्हणजे तुम्ही ६०,००० च्या पुढे गेलात, तेव्हा चाइल्ड बेनिफिट घेत असाल तर त्यातला ३० टक्के भाग परत द्यावा लागेल. पेन्शन फंडात पैसे टाकून उत्पन्न ६०,००० च्या खाली आणता येतं. पण ते कुठून टाकता याला महत्त्व आहे. मालकाकडून सॅलरी सॅक्रिफाइसने टाकलेत तर पगार कमी धरला जातो आणि क्लास १ ही वाचतो. शिकवण्यांच्या पैशांतून स्वतः टाकलेत तर इन्कम टॅक्स वाचतो, क्लास ४ एक पेनीनेही कमी होत नाही. एखाद्या वर्षी शिकवण्यांत तोटा आलाच तर तो पगारासमोर लावून टॅक्स परत मिळवता येतो, क्लास १ मात्र परत येत नाही. तोच तोटा क्लास ४ साठी पुढच्या नफ्यासमोर वापरता येतो. हे बऱ्याच जणांच्या लक्षात राहत नाही, तेव्हा कागदावर लिहून ठेवा.

नाशिकच्या फ्लॅटचं भाडं येत असेल तर त्यावर एनआय नाही. भाडं हा धंद्याचा नफा धरला जात नाही. इन्कम टॅक्सचा प्रश्न वेगळा, तो रिटर्नमध्ये बघावा लागेल.

व्हिसाबद्दल तुम्ही कायमचा रहिवास मिळाल्याचं लिहिलं आहे, म्हणून चिंता नाही. इतर वाचणाऱ्यांसाठी सांगतो: विद्यार्थी व्हिसावर स्वतःचा धंदा करता येत नाही, मग तो रविवारची एक शिकवणी का असेना. कामाच्या व्हिसावर असाल तर आधी अटी वाचा. एनआय भरला म्हणून परवानगी मिळत नाही.

आता शेवटचा प्रश्न, परत जाण्याचा. तुमच्या नोंदीत २०२४-२५ पर्यंत आठ पूर्ण वर्षं आहेत असं तुम्ही लिहिलंत. २०२५-२६ नववं. स्टेट पेन्शन मिळायला किमान दहा लागतात. नऊ वर्षं भरून गेलात तर भारतात बसून त्याचं काहीही मिळत नाही, भरलेले पैसे परतही देत नाहीत. दहा झाली तर वय झाल्यावर नाशिकच्या खात्यात पेन्शन येईल, मात्र सुरू झाली त्या रकमेवरच ती गोठते. इथल्यासारखी दरवर्षीची वाढ भारतात राहणाऱ्यांना मिळत नाही.

पूर्वी लोक तिकडे जाऊन स्वस्त क्लास २ भरत वर्षं जमवायचे. ६ एप्रिल २०२६ पासून परदेशातल्या काळासाठी ती वाट बंद झाली, आणि महागड्या क्लास ३ साठीही इथे दहा वर्षं राहिल्याची किंवा वर्गणी भरल्याची अट आली. तेव्हा दहावं वर्ष इथेच पुरं करून निघा.

त्यासाठी अख्खं वर्ष थांबायला लागत नाही. नोकरीतल्या माणसाचं वर्ष हे कमाईच्या रकमेवर मोजतात, महिन्यांवर नाही. वर्षाची किमान कमाई, म्हणजे आठवड्याच्या त्या खालच्या रेघेची ५२ पट, २०२५-२६ साठी ६,५०० पौंड होती. पुढच्या वर्षी ती थोडी वाढते, पण तुमच्या ४,००० च्या पगारात एप्रिल आणि मे या दोन महिन्यांतच ती ओलांडली जाते. जूनमध्ये सामान बांधलंत तरी २०२६-२७ तुमच्या नोंदीत पूर्ण लागेल. ही सवलत पगारालाच आहे, शिकवण्यांतून तेच वर्ष मिळवायचं तर वर्षाचा नफाच रेघेवर जावा लागेल. म्हणून निघायची तारीख ठरवाल तेव्हा राजीनामा मार्चमध्ये देऊ नका. मेचा पगार खात्यात येऊ द्या, ती पेस्लिप आणि शेवटचा पी-४५ (नोकरी सोडताना मिळणारा दाखला) सोबत न्या, आणि पुढच्या वर्षी अॅपमध्ये दहा वर्षं दिसतात का ते नाशिकहून एकदा तपासा.